शेवंतीला हाक

आल्प्सच्या उतरणीवर जूनचं ऊन उतरलं होतं. कोवळं, केशरवर्णी, दवात न्हालेलं ऊन. हिमधवल शिखरांच्या पायथ्याशी तृणांचा हरितसागर हेलावत होता, आणि त्यावर फेस यावा तशी फुलं आली होती. निळी होती, जांभळी होती, नाव ठाऊक नसलेली होती. पण राज्य होतं पांढऱ्यांचं. शुभ्रदल, सुवर्णगर्भ, वाऱ्यासवे डोलणाऱ्या पांढऱ्यांचं.

खाली गावात खिडकी-खिडकीत लालभडक जिरेनियम, कुंपणा-कुंपणावर गुलाबांचे घोस. साताऱ्याहून आलेल्या सहलीतल्या बायका एकेका कुंडीशेजारी फोटो काढून घेत होत्या. शेवंतीबाईंनी मात्र कुरणाची वाट धरली. उंच गवतात त्या बसल्या आणि एका पांढऱ्या फुलाला त्यांनी हळूच बोट लावलं. थेट शेवंतीच की हो ही. माहेरच्या परसातली, परदेशात राहून जरा उजळलेली.

आपलंच नाव परक्या डोंगरावर फुललेलं पाहून बाईंचा ऊर भरून आला. हे नाव आता उच्चारायचं कुणी? आई गेली, वडील गेले. 'शेवंते' म्हणणारा दादा यंदाच्या चैत्रात गेला. उरल्या त्या 'आई', 'आजी', 'काकू', 'वहिनी' अशा हाका. बाई हयात आणि नाव मात्र पोरकं.

आणि नवरा? रघुनाथरावांची तऱ्हाच निराळी. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती त्यांनी चारचौघांत पाळली, एकांतात पाळली, आणि कहर म्हणजे मंडईतही पाळली. लग्नात नाव घेताना एकदाच पुटपुटले होते, तेही सनईत बुडालं. पुढं जन्मभर फुलवाल्याला म्हणत राहिले, "ती पिवळी द्या." "शेवंती का?" तो विचारी. "तीच ती," म्हणत राव लाल कानांनी पिशवी पुढं धरीत.

बसची निघायची वेळ झाली. राव कुरणाच्या कडेला आले, तो बाई कुठंच दिसेनात.

"अगं..."

सहलीतल्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"अगं, ऐकलंस का?"

पुन्हा साऱ्या वळल्या. एक तर "आले हो" म्हणून मोकळी झाली आणि मग पदराआड हसत बसली.

गवतात बसलेल्या बाईंना दोन्ही हाका ऐकू आल्या. आजवर त्या 'अगं'ला त्यांनी चुलीपुढून ओ दिली, आजारातून दिली, अर्ध्या झोपेतून दिली. आज ओठ मिटूनच राहिले. रुसवा नव्हता तो. ती नुसती आस होती, जुनी, अवघडलेली, कधी कुणाला न सांगितलेली.

रावांची नजर उतरणीच्या टोकाशी गेली. पलीकडं खोल दरी निळसर धुरात निजली होती. बाई तिकडं तर गेल्या नाहीत ना? घरची रीत, चारचौघं, सगळं त्या दरीत गेलं आणि म्हाताऱ्या गळ्यातून कापरी हाक निघाली.

"शेवंती..."

समोरच्या कड्यानं ती झेलली आणि परत पाठवली. शेवंती, शेवंती. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. उठायला हवं होतं. पण त्या लबाडासारख्या आणखी क्षणभर बसून राहिल्या, पुन्हा एकदा ऐकावं म्हणून.

"शेवंते, कुठं आहेस गं?"

"ओ," म्हणत त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

राव धापा टाकत जवळ आले. "मघापासून हाका मारतोय मी."

"मला तर आत्ताच हाक मारलीत."

रावांचे कान मंडईतल्यासारखे लाल झाले. मग त्यांनी खाली वाकून एका पांढऱ्या फुलाकडं बोट केलं. "ही आपल्याकडचीच ना?"

"कोण?" बाईंनी विचारलं.

"शेवंती," राव म्हणाले. हळूच, नीट, एकेक अक्षर जपून.

शिखरांवरून झुळूक आली. उतरणीवरची सारी पांढरी फुलं ओ दिल्यागत वळली, वाकली, आणि मग उन्हात निवांत झाली.