आतून कडी

बेबाबाई गेल्या होत्या गुडघा दाखवायला आणि परत आल्या त्या बीपी घेऊन. गुडघा राहिला बाजूलाच. डॉक्टर मॅडमनी दंडाला पट्टा आवळला, मशीन गुरगुरलं आणि आकडा आला, वरचा एकशे ब्याऐंशी. शेजारी उभ्या असलेल्या हितेंद्रचा, म्हणजे बाईंच्या एकुलत्या एक मुलाचा, चेहरा खाडकन उतरला.

आता दवाखान्यात बेबाबाईंची छाती धडधडते हे काही आजचं नव्हतं. त्यांचे यजमान लीलाधरभाऊ पोटात दुखतं म्हणून स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले होते, आणि घरी आले ते चादरीत गुंडाळून. तेव्हापासून फिनेलचा वास नाकात शिरला की बाईंचे हात गार पडायचे, जीभ टाळूला चिकटायची. पण हे त्या कुणाला सांगतील तर शपथ! जिच्या खापरापुढे उभं राहायला चांगल्या चांगल्या सुना बिचकतात, ती बाई दवाखान्याला भिते, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

खापराचं सांगायलाच हवं. धुळ्याला देवपुरात बेबाबाईंच्या खापरावरच्या पुरणपोळ्यांना तोड नव्हती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत त्या पार कोपरापर्यंत मोठा करायच्या आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अल्लद सोडायच्या. एवढीशी सुरकुती पडायची नाही. याच पोळ्यांवर घर चाललं, याच पोळ्यांवर हितेंद्र शिकला, मास्तर झाला. आणि आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला आमरस आणि पुरणपोळी नाही, तर मग सण कसला? अर्ध्या देवपुराने बाईंना पोळ्या सांगून ठेवल्या होत्या.

मॅडम शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, काहींचं बीपी आम्हाला बघूनच चढतं. लगेच गोळी सुरू करत नाही. मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा आणि मग या. मात्र छातीत दुखलं, दम लागला, तर आठवड्याची वाट बघायची नाही, तडक यायचं."

हितेंद्रच्या कानात एवढ्यातलं फक्त एकशे ब्याऐंशी शिरलं. रिक्षातच त्याने निकाल लावून टाकला. "आई, खापर बंद. चुलीपुढे बसायचं नाही. बाबांच्या वेळी आपण गाफील राहिलो, आता मी राहणार नाही."

"मी आजून मरेल नही," बाई म्हणाल्या. राग आला की त्या अहिराणीवर यायच्या.

संध्याकाळी मशीन घरी आलं आणि घराचा पार दवाखाना झाला. बाई ओट्यावर पाय लोंबते सोडून बसलेल्या. हितेंद्रने पट्टा बांधला आणि पोराचा पेपर तपासावा तसा वाकून तो आकड्याकडे बघत बसला. शेजारच्या प्रमिलाबाई धावत आल्या. "अगं माय, कितीक निंघनं? मन्ह्या नणंदेचं बी असंच चढलं होतं, नंतर तोंडच वाकडं झालं तिचं!" बाई त्यांना उत्तर देतायत, सून ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून विचारतेय, हितेंद्र सगळ्यांना गप्प करतोय, आणि या सगळ्या गलक्यात मशीन म्हणालं, एकशे बहात्तर.

"बघ! घरी पण जास्तच!" हितेंद्र ओरडला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हितेंद्र समोर उभा, कपाळाला आठ्या, हात मागे बांधलेले. त्याच्या अंगावर पांढरा कोट तेवढा नव्हता. पट्टा आवळायला लागला की बाईंच्या नाकात थेट फिनेल. घरात, स्वतःच्या घरात!

चौथ्या दिवशी प्रमिलाबाई आल्या त्या रडवेल्या होऊन. "बेबाबाई, काय ऐकतेय मी? आखाजीच्या पोळ्या नाहीत म्हणे? हितेंद्रचा फोन आला, आई आता काम करणार नाही म्हणून. माझी लेक पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येतेय हो!"

बेबाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पोराने सगळ्यांना फोन केले होते. न विचारता, न सांगता! आयुष्यभर ज्या हातांनी घर ओढलं, ते हात परस्पर मोडीत काढले होते त्याने. बाईंना रडू आलं असतं, पण राग आधी आला.

त्या तरातरा आत गेल्या, मशीनचा खोका उपडा केला आणि त्यातलं माहितीपत्रक ज्योत्स्नापुढे धरलं. "वाच. एक अक्षर सोडू नको."

ज्योत्स्नाने वाचलं. खुर्चीला पाठ टेकून बसावं. पाय जमिनीवर टेकलेले असावेत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं. बोलू नये. आसपास गडबड नसावी.

"पाच मिनिटं शांत?" बाई म्हणाल्या. "अगं, या घरात आल्यापासून मी पाच मिनिटं शांत बसलेय कधी?"

ज्योत्स्ना हसली, मग तिचं हसू मावळलं. कारण खरंच तिला आठवेना.

संध्याकाळी हितेंद्र शाळेतून आला आणि पट्टा उचलायला गेला. बाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मागच्या खोलीत त्यांनी खुर्ची आणि टेबल आधीच सरकवून ठेवलं होतं.

"बठ्ठा बाहेर निंघा," त्यांनी सगळ्यांना दाराकडे बोट दाखवलं.

"आई, एकटी कशी मोजशील? आत काही झालं तर?"

"हाऊ हात मन्हा शे, हितेंद्र. याले काय झेपस ते माले माहीत." आणि बाईंनी दार लावून आतून कडी घातली.

बाहेर हितेंद्रने काय कमी दार वाजवलं? "आई! आई, बरी आहेस ना?" बाईंनी हूं की चूं केलं नाही. पहिली पाच मिनिटं सगळी त्याच्या थापांतच गेली, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून बसल्या. शेवटी ज्योत्स्नाने नवऱ्याचा दंड धरून त्याला अंगणात नेलं. मग हळूहळू खोली शांत झाली. पंख्याची घरघर, लांब कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी. बाईंनी पाठ टेकली आणि बटण दाबलं. एकशे एकतीस.

त्यांचा विश्वास बसेना. जरा थांबून पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावीस.

कडी काढून त्यांनी आकडे सांगितले. "तूच खोटं सांगत असशील," हितेंद्र म्हणाला. घ्या! बाईंनी मशीन त्याच्यापुढे आपटलं. मोजलेलं सगळं मशीनच्या पोटातच राहतं, हे पत्रकात लिहिलेलं होतं. "मग मशीन बिघडलं असेल," हितेंद्र म्हणाला. या माणसाला आई ठणठणीत हवी होती की नको, असा प्रश्न ज्योत्स्नाला पडला, आणि तिने तो मोठ्यानेच विचारला.

पुढे रोज, दोन्ही वेळेला, आतून कडी. मॅडमकडे जायचा दिवस उजाडला तेव्हा बाईंनी मशीन काखोटीला मारून सोबत घेतलं.

दवाखान्यात पुन्हा तोच वास. मॅडमच्या मशीनवर एकशे शहात्तर. हितेंद्रने "बघा!" म्हणून तोंड उघडलं, पण मॅडमनी लगेच घरचं मशीन त्याच दंडाला लावलं. त्यावर एकशे चौऱ्याहत्तर.

"म्हणजे मशीन चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यातले जुने आकडे एकेक करून बघू लागल्या. "सुरुवातीचे तीन दिवस जास्त आहे. त्यानंतर एकदम उतरलं. काय केलंत, आजी?"

"याला बाहेर काढला," बाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या. हितेंद्रला काही हसू आलं नाही. मग बाई बोलल्या, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबल्याच नाहीत. "मॅडम, मला भीती वाटते इथे. हो, वाटते! माझा माणूस असाच आत गेला आणि तसाच संपला. वास आला की तो दिवस पुन्हा येतो. पण मी दवाखान्याला भिते म्हणून चुलीलाही भिते, असं कुणी ठरवलं? माझ्या भीतीचा आकडा घेऊन याने माझी कामं बंद केली!"

हितेंद्र खाली मान घालून म्हणाला, "मलाही तोच दिवस आठवतो, आई."

तरी बाई विरघळल्या नाहीत. "मग तुझी भीती तू सांभाळ. माझ्या दंडाला बांधू नको."

मॅडमनी सांगितलं की गोळीची आत्ता गरज नाही, पण विसरूनही चालणार नाही. मीठ कमी, लोणचं-पापड कमी, आठवड्यातून दोनदा मोजायचं, तीन महिन्यांनी दाखवायचं. पोळ्या करायला हरकत नाही, दमल्यासारखं वाटलं तर बसायचं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बाई थांबल्या. "काढ फोन. ज्यांना ज्यांना नाही म्हणालास, त्या सगळ्यांना लाव. आणि आईला बरं वाटतंय म्हणून सांगू नको. मी न विचारता नाही म्हटलं होतं, असं सांग."

"आत्ता? इथे? रस्त्यावर?"

"इथेच."

लोक जात-येत होते आणि एक मास्तर भर उन्हात एकेकाची माफी मागत होता. बाई त्याच्या डोक्यावर पदर धरून उभ्या राहिल्या.

आखाजीच्या दिवशी खापर पहाटेपासून तापलं. पोळी झुलतेय, उलटतेय, ज्योत्स्ना घड्या घालतेय, गिऱ्हाईकं दारात. आणि ऐन गर्दीत बेबाबाईंनी हात धुतले, ज्योत्स्नाला खापरापुढे उभं केलं आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

हितेंद्र दाराशी धावला. "आई? आज मोजायचा दिवस नाही ना? आणि मशीन तर इथे बाहेर आहे!"

"माले माहीत शे."

"मग आत काय करतेस?"

"बठेल शे. पाच मिनिटं, शांत," बाई म्हणाल्या.