उपड्या ताटलीवरची अक्षरं

"काही नाही, डोळे आलेत तुझे," ताई म्हणाली आणि कपाटातली थेंबांची जुनी बाटली घेऊन आली. "वर बघ. हलू नकोस."

धाकटीने मुकाट्याने वर पाहिलं. ती बेकरीत केकवर नावं लिहायची. भट्टीजवळ चष्मा सारखा धुरकट व्हायचा, म्हणून तिने लेन्स घेतल्या होत्या. कामाच्या धांदलीत कधी त्या नळाखालीच धुवायची, कधी घालूनच झोपायची. ताई ओरडली, की तेवढ्यापुरतं ऐकायची.

पण डोळा निवळेना. दूध सांडल्यासारखं दिसू लागलं आणि ठणका असा, की उशीत तोंड खुपसून ती कण्हत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळावर पांढरा डाग दिसला. "लेन्समुळे जंतू शिरलाय. क्वचितच होतं असं, पण झालं की बुबुळ पोखरतं. आधी काही घातलंत डोळ्यात?"

धाकटीने पुढे केलेली बाटली पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "याने सूज दबते, पण जंतूंना रान मोकळं मिळतं. कोणी दिलं हे?"

मागे उभी असलेली ताई पुढे सरकली.

"मीच घातलं," धाकटी म्हणाली.

उपचारांनी डोळा राहिला, नजर गेली. शेवटच्या तपासणीनंतर ताई भर रस्त्यात थांबली.

"खोटं का बोललीस गं?"

"लेन्स नळाखाली मी धुतल्या ना? चल, ऊन लागतंय."

बेकरीत पहिल्याच केकवर क्रीम भरलेला कागदी कोन न टेकता हवेतच फिरला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येईना. मालक हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही काउंटरवर बसत जा आता."

"बसते. पण लिहिणं सोडणार नाही, सांगून ठेवते."

रोज संध्याकाळी घरी ती ताटली उपडी घालून तिच्यावर क्रीमने लिहू लागली. समोर ताई फडकं घेऊन बसायची.

"टोक टेकलं का?" धाकटी विचारायची.

"नाही. अजून खाली. हं, टेकलं."

वाकडंतिकडं उमटलेलं ताई पुसायची, ताटली पुन्हा पुढे सरकवायची.

एका संध्याकाळी पुसायला वाकलेली ताई तशीच थबकली. ताटलीवर तिचंच नाव होतं, जरा चढावर चालल्यासारखं, पण अख्खं.

"पुस ना," धाकटी म्हणाली.

ताईने फडकं खांद्यावर टाकलं आणि उठून दुसरी ताटली आणली.