जनुक काढलेला मासा

मासा पोहला. पोहायला नको होता, तरी पठ्ठ्या पोहला!

प्रयोगशाळेत धाकटीने बारीक केसाने त्याच्या शेपटीला पुन्हा डिवचलं. तीन दिवसांचा, तांदळाच्या दाण्याहून लहान, आरपार दिसणारा तो जीव सुळकन डिशच्या दुसऱ्या कडेला गेला. आता याला काय म्हणावं? ज्या जनुकाच्या सांगण्यावरून पाठीच्या कण्यातून स्नायूंपर्यंत नसा फुटतात, ते जनुक तिने याच्यातून काढूनच टाकलं होतं.

गेल्या वर्षी तिने अंड्यात औषध टोचून तेच जनुक नुसतं दाबलं, तेव्हा पिल्लं लुळी पडली होती, नसा अर्ध्यावरच खुंटल्या होत्या. सगळ्यांनी पाठ थोपटली. आणि आता मुळासकट उपटलं, तर मासे टुणटुणीत! डिशवरची लेबलं बदलली असतील म्हणून तिने तीनदा सगळं पहिल्यापासून केलं. लेबलं बरोबर होती. "दुसरं एखादं जनुक त्याचं काम करत असेल," सर म्हणाले आणि चहाला गेले. असेल म्हणजे? कोणतं? सरांच्या घरी कुणाचे पाय जात नव्हते, त्यांना काय!

तिच्या दादाचे जात होते. त्याच्यात हेच जनुक बिघडलेलं निघालं होतं, आणि महिन्यापूर्वी त्याच्या पंधरा वर्षांच्या लेकीतही. पोर अजून दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत होती.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. काठी भिंतीला टेकवून तो भाजी निवडत बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे जनुक नसलं तरी मासा पोहतो?" त्याचा चेहरा उजळला.

"पोहतो."

"मग माझी पोर चालेल."

"अरे दादा, तिच्यातलं गेलेलं नाही, बिघडलंय. ते दाबल्यासारखं धरायचं की उपटल्यासारखं, मलाच कळत नाही. डोकं चक्रावलंय माझं."

"माझ्यातलंही बिघडलेलंच आहे ना?"

"हो."

त्याने हातातली जुडी खाली ठेवली. आतल्या खोलीत पोर फोनवर मैत्रिणीशी खिदळत होती.

"रोज विचारते, आत्या काय म्हणाली," आवाज खाली आणून तो म्हणाला. "चालेल म्हण तिला. खोटं का होईना, म्हण."

भाचीसाठी धाकटी वाट्टेल ते खोटं बोलली असती. पण हे खोटंच ठरेल, एवढंसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.