थोरल्याचे वाटे

आप्पासोनं रशियन कॅमेऱ्याशेजारी फ्लॅशगन ठेवली, मागे सरून पाहिलं आणि मग कॅमेऱ्याचा स्टँडही त्याच बाजूला नेऊन टेकवला. जर्मन कॅमेरा सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला एकटाच होता. त्याच्या वाट्याला चामड्याची पेटीसुद्धा नव्हती.

"आजून काय ऱ्हायलंय?" भिंतीला टेकून सुपारी कातरत कृष्णातनं विचारलं.

"एन्लार्जर."

"त्योबी तिकडंच जाणार आसंल."

"जाऊ दे की. घेणाऱ्याचा फायदा हाय."

"फायदा कुनाचा त्ये उचलल्यावर कळंल," बनुबाई म्हणाली. इस्लामपुरातला स्टुडिओ आज बंद होता, आणि बसायला दुसरं काही नसल्यानं ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, रंगवलेल्या धबधब्यापुढे बसून दोन्ही मुलांकडे पाहत होती.

घराची रीत साधी होती. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याचा हात मग आपोआप सरळ राहतो. उसाचं रान, विहिरीच्या पाळ्या, तांब्यापितळेची भांडी, सगळं या रीतीनं निकालात निघालं होतं. अडलं ते आबांच्या, म्हणजे वडील राजाराम सुभेदारांच्या, मागे राहिलेल्या दोन कॅमेऱ्यांपाशी. जर्मन त्यांनी इटलीच्या लढाईहून आणला होता, रशियन पुढे मुंबईत घेतला होता. आप्पासोला जर्मन हवा होता आणि रीतीप्रमाणे तो मागता येत नव्हता, म्हणून तो दुसरा वाटा फुगवत चालला होता. माणसाला एखादी वस्तू किती हवी आहे हे जाणायचं असेल तर ती सोडून बाकी काय काय द्यायला तो तयार आहे ते पाहावं. फोटो मोठे करायचा एन्लार्जर गेला. लाइटा गेल्या. शेवटी त्यानं कमरेची किल्ली सोडली आणि डार्करूमही ढिगावर ठेवली.

"आन तू फोटू कुठं धुणार?" कृष्णात म्हणाला. "वढ्यात?"

आप्पासोनं किल्ली ढिगावर थोडी आत सरकवली.

कृष्णातनं हात पुसले आणि जर्मन कॅमेरा उचलला. मामाच्या लग्नानंतर, म्हणजे बासष्ट सालानंतर, त्यानं त्याला बोट लावलं नव्हतं. त्या लग्नातले फोटो वाया गेले होते. "ह्याचा हात हलतो," असं सुभेदारांनी चार पाहुण्यांत सांगितलं होतं आणि कॅमेरा त्याच्या गळ्यातून काढून थोरल्याच्या गळ्यात घातला होता. तेव्हापासून लग्नं आप्पासोची, आणि शाळेचे, ओळखपत्राचे फोटो कृष्णातचे.

त्यानं काचेला डोळा लावला. मधल्या पिवळसर ठिपक्यात, अंतर जुळेपर्यंत दिसतात तशा, दोन आया होत्या. एक खुर्चीत बसलेली आणि दुसरी फिकट, तिच्यातून निम्मी बाहेर सरकलेली. त्यानं भिंगाचं कडं फिरवलं. फिकट आई हळूहळू सरकत आली, परगावाहून आलेलं माणूस उंबऱ्याशी थांबावं तशी क्षणभर थांबली, आणि आत गेली. गोंदणावर गोंदण बसलं. आईचं तोंड असं स्वच्छ त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रशियनच्या धुरकट चौकटीतून तर नाहीच.

"बगतोयस का गिळतोयस?" बनुबाई म्हणाली.

त्यानं कॅमेरा खाली घेतला नाही.

"त्यो खोटं सांगतो," आप्पासो एकदम म्हणाला.

"कोन?"

"जर्मन. जुळलं म्हनून दावतो, पर जुळलेलं नसतंय. जुळलं की कडं जरा मागं फिरवायला लागतंय."

कृष्णात हसला. "किल्ली संपली म्हनून आता ह्ये काढलंस व्हय?"

आप्पासोनं मापाची फीत आणली. एक टोक आईच्या कपाळाशी धरलं, दुसरं कॅमेऱ्याशी. दोन मीटर. रशियनमध्ये आई जुळली तेव्हा कड्यावरचा अंतराचा काटा दोनावर होता. जर्मनमध्ये अडीचावर. कृष्णातनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा अडीच.

त्याचं हसू गेलं. मामाच्या लग्नातला फोटो त्याला पाठ होता. नवरीचं तोंड धूसर, आणि तिच्या मागची कनात अशी लख्ख की टाके मोजावेत.

"हात हलला आसता," तो सावकाश म्हणाला, "तर कनातबी हलली आसती."

"म्हंजी?" बनुबाईनं विचारलं.

"म्हंजी हात हलला न्हवता, आये."

त्यानं उजवा हात पुढे धरून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा. मग विचारलं, "तुला कवा कळलं, दादा?"

"माज्याकडं आला तवाच. पयल्याच लग्नात."

"आबास्नी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर त्यांनी त्यो तुला माघारी दिला आसता."

हे आज सांगण्यातही आप्पासोचा फायदा होताच. पण नुसत्या फायद्यासाठी माणूस इतकं तळापर्यंत सांगत नाही.

कृष्णात उठला आणि भिंतीवरच्या फोटोंपाशी गेला. वाळव्याच्या, पाटणच्या, कुठकुठच्या नवऱ्या. हवेत थांबलेल्या अक्षता, पापण्यांचे केस, सगळं जिथल्या तिथे.

"ह्ये समदं मागं फिरवून?"

"व्हय."

"अक्षता पडत आसताना?"

"बोटाला सवय झालीया."

कृष्णात काचेशी नाक नेऊन एकेका नवरीपुढे उभा राहिला. शिवी त्याच्या तोंडात तयार होती, हक्काची होती, पण ती पापण्यांपाशी येऊन थबकत होती. यंत्र दर खेपेला खोटं सांगत होतं आणि हा माणूस दर खेपेला, गर्दीचे धक्के खात, त्या खोट्यातून तिळाएवढं खरं काढत होता. कुणाला न कळू देता.

तो परत आला आणि जर्मन कॅमेरा गळ्यात घातला.

"ह्यो घेतला."

"तुज्या कामाचा न्हाई त्यो, कृष्णा."

"किती मागं फिरवायचं त्ये दाव की मग."

"आन ह्यो ढीग?" बनुबाईनं विचारलं.

"दादाचा."

आप्पासोनं किल्ली परत कमरेला खोवली. मग त्यानं रशियन उचलला, परक्याचं मूल घ्यावं तसा, आणि आईवर धरला. कृष्णात शेजारी उकिडवा बसला होता. कडं फिरलं, थांबलं, आणि आप्पासोचं बोट आपसूक तिळभर मागे आलं.

"दादा, मागं फिरवू नगंस. ह्यो खरं सांगतो."

आप्पासोनं मान हलवली. पुन्हा डोळा लावला. कडं थांबलं. बोट मागे आलं.

कृष्णातनं हात पुढे केला आणि कड्यावरचं ते बोट आपल्या दोन बोटांत घट्ट धरून ठेवलं.

"आता दाब," तो म्हणाला.