इस्त्रीबाईंचं वाक्य

"‘मी मेहुण्याच्या गळ्यावर वस्तरा ओढला.’ साहेब, हे आरोपीचे स्वतःचे शब्द आहेत." सरकारी वकिलांनी कागद उंच धरला. "डॉक्टर म्हणतात, त्याला झटका आला होता, भान नव्हतं. ज्याला भान नव्हतं, तो इतक्या छातीठोकपणे ‘मी’ कसं म्हणतो?"

न्यायाधीशांच्या समोर खाली बसलेल्या टायपिस्ट बाईंची बोटं थांबली. ते वाक्य त्यांनीच टाइप केलेलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काहीतरी टोचलं.

कोर्टात सगळे त्यांना इस्त्रीबाई म्हणत. साक्षीदार कितीही तोडूनमोडून बोलो, बाईंच्या हाताखालून वाक्य गेलं की कडक होऊन बाहेर पडायचं. नोकरीला लागल्या तेव्हा हेडक्लार्कने बजावलं होतं, "कोणी काय केलं ते आधी कळलं पाहिजे. कर्ता पुढे आणा." तेव्हापासून तीस वर्षं बाई कर्त्याला कान धरून पुढे आणत आल्या होत्या. घरीसुद्धा. कालच सासूबाई म्हणाल्या, "दूध सांडलं गं माझ्या हातून," तर बाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "सांडलं नाही, तुम्ही सांडलंत." सासूबाईंचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते.

पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी न्हावी होता. त्याचा मेहुणा सगळीकडे सांगत फिरायचा, "याला झटके येतात, याच्या हातात मान देऊ नका." गिऱ्हाइकं तुटली, घरात अबोला आला. शेवटी न्हाव्याच्या बायकोनेच भावाला दुकानात आणून खुर्चीत बसवलं. म्हणाली, दाढी करा आणि मिटवून टाका. दाढी अर्ध्यावर आली आणि वस्तरा फिरला. मेहुणा वाचला, गळ्यावर बोटभर व्रण राहिला. आता सरकारी वकील म्हणत होते की बदनामीचा राग होता. न्हाव्याचा वकील म्हणत होता, मेहुणाच सांगत होता ना, झटके येतात म्हणून?

बाईंना या खटल्याचं फार कुतूहल होतं. खरं तर सगळ्याच खटल्यांचं होतं. त्या क्षणी माणसाच्या मनात काय होतं, हे शोधायला एवढी शहाणी माणसं रोज जमतात, पण शोधतात कुठे? कागदावर. आणि तो कागद करतं कोण?

त्यांनी खणातून लघुलिपीची वही काढली. आरोपीच्या जबाबाच्या दिवशीचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वहीत ‘मी’ नव्हता.

निवृत्तीला तेवीस दिवस राहिले होते. सेवापुस्तकात आजवर एक शेरा नव्हता. वही परत खणात टाकली असती तर कोणाला कळणारही नव्हतं. पिंजऱ्यातला माणूस मात्र बरीच वर्षं आत गेला असता. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरातच त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, ते वाक्य आरोपीचं नाही. माझं आहे."

तीस वर्षांत भर कोर्टात त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या होत्या. सरकारी वकिलांना हसू आलं. "म्हणजे वस्तरा तुम्ही ओढलात की काय, बाई?"

"वस्तरा नाही. ‘मी’ ओढून आणला."

कोणी हसलं नाही. न्यायाधीश म्हणाले, "वही वाचा."

बाईंनी होतं तसं वाचलं, अडखळण्यासकट. "‘दाढी करत होतो... वस्तरा ओढला गेला माझ्या हातून. म्हणजे, गेला असणार. रक्त दिसलं, तेव्हा कळलं मला.’"

न्हावी आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "असंच म्हणालो होतो मी," तो हळूच म्हणाला.

"मग सही करताना बोलला का नाहीस?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वाचून दाखवलं तेव्हा वेगळं वाटलं, साहेब. म्हटलं, कोर्टात असंच लिहीत असतील."

जबाब दुरुस्त करायचा हुकूम झाला. सरकारी वकिलांनी तो कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला आणि पुढची तारीख मागितली.

संध्याकाळी न्यायाधीशांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. झाल्या प्रकाराचा अहवाल वर द्यावा लागणार होता.

"लिहा बाई. ‘टंकलेखिकेच्या हातून नजरचुकीने वाक्यात बदल झाला.’ बस, एवढं पुरे."

बाईंची बोटं हलली नाहीत. "साहेब, नजर चांगली होती माझी."

"म्हणजे मुद्दाम केलंत?"

बाई विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांनी शेकडो वेळा टाइप केला होता, पण त्यांना स्वतःला कोणी विचारला नव्हता. उत्तर शोधताना त्यांना नवलच वाटलं. आत बघायला गेलं तर सगळं लख्ख दिसत होतं.

"मनात वाईट नव्हतं. पण भान होतं. त्याचं ‘हातून’ मी ऐकलं, वहीत उतरवलं, आणि टाइप करताना काढून टाकलं. बरं दिसत नव्हतं म्हणून."

"तेवीस दिवसांसाठी कशाला शेरा ओढवून घेता? असू द्या तसंच."

"‘हातून’ त्याचं आहे, साहेब. मी कसं वापरू?"

बाईंनी टाइप केलं, ‘टंकलेखिकेने वाक्य बदलले.’ कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली.

खाली बाईंनी आपली सही केली. कर्ता पुढे होता, वाक्य सरळ होतं. इस्त्रीची गरज पडली नव्हती.