डावा हात

मुलांनो, डोळे मिटा आणि एक वर्ग मनात आणा. बाई प्रश्न विचारतात आणि वर्गातला प्रत्येक हात वर जातो. किती हुशार वर्ग, नाही का? पण नीट बघा. काही हात उजवे आहेत, काही डावे.

ही युक्ती बाईंचीच. येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. बाई उत्तर विचारणार फक्त उजव्या हाताला. तपासणीला आलेले साहेब खूश झाले. "शाळा सुधारावी तर अशी!" म्हणाले.

"आणि डाव्या हातांचं काय गं?" बाजारातून परतताना जिना चढता चढता बाईंच्या वडिलांनी विचारलं. त्यांचाही जन्म फळ्यापुढेच गेला होता.

"त्यांना काय त्रास आहे, अप्पा? कुणी हसत नाही, कुणी रागवत नाही."

"कुणी शिकवतही नाही. दुखणं बरं केलं नाहीस पोरी, नुसतं झाकलंस."

"तुमचं आपलं काहीतरीच!" बाई हसल्या. वरच्या मजल्यावर पोचल्या आणि त्यांचं हसू विरलं. कसला तरी उग्र वास येत होता.

त्यांनी दार ढकललं. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस मात्र फुसफुसत होता. आणि समोर त्यांच्याच वर्गात शिकणारी त्यांची लेक, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"थांब!!"

काडी खाली पडली. अप्पांनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"ज्योत विझली म्हणून पेटवत होते," लेक रडवेली झाली.

"अगं, निघताना बजावलं होतं ना, विझली तर आधी बटण बंद, काडी अजिबात ओढायची नाही! समजलं का विचारलं, तर हात वर केलास!"

"डावा केला होता, आई."

बाईंनी लेकीला पोटाशी घट्ट धरलं. तो हात त्यांनी पाहिला होता; वर गेलाय एवढंच पाहून त्या घाईने निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. न समजलेलं झाकून शाळा सुधारत नसते, धोका तेवढा वाढतो. ज्याला समजलं नाही, त्याच्यासाठीच मी इथे उभी आहे. कुणाला भागाकार कळला नाही?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

मग लेकीचा डावा हात वर गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि सरळ उभी राहिली.

"बाई, मला नाही कळला. पहिल्यापासून सांगाल?"