पाणी चढायच्या आत

बायकोला बदलीचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते. बढती होती, पण ऑफिस सहा तासांवरच्या शहरात. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता. विषय निघाला की मी म्हणायचो, "हा गेम संपू दे, मग निवांत बोलू." म्हणजे टाळायचो, सरळच सांगतो.

गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. खाणीत अडकलेली दोन भावंडं, वर चढत येणारं पाणी. ती बहीण, मी भाऊ. एकाने चाक धरून दार उघडं ठेवायचं, दुसऱ्याने पलीकडे जाऊन त्याच्यासाठी तिकडचं चाक धरायचं. पहिल्या दारापासून आधी चाक धरायचो ते मीच. पुढे पळायची ती, आणि पळताना तोंडाचा पट्टा चालू. "काय घड्याळजी, आहात ना अजून?"

घड्याळं दुरुस्त करणं हा माझा धंदा. चिमट्यात बारीक चाक असलं की आम्ही श्वाससुद्धा रोखतो, बोलणं तर लांबच. ती खोड आता अंगात मुरली आहे. काही नाजूक समोर आलं की मी मूग गिळून बसतो.

रविवारी दुपारी शेवटचं दार आलं. या दाराला पलीकडे चाकच नव्हतं. एकाने जायचं, एकाने मागे राहायचं. पडद्याने दोघांनाही वेगवेगळं विचारलं: थांबणार की जाणार? मी सवयीने 'थांबणार' दाबलं. तिनेही तेच दाबलं. दोघंही बुडाली.

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"तू कशाला थांबलीस?"

"थांबावंसं वाटलं म्हणून." ती पडद्याकडेच बघत होती. "अरे, एकदा विचार तरी मला. अकरा वर्षं झाली, तू परस्पर ठरवतोस आणि मला पुढे धाडतोस. दर वेळी मला जायचंच असतं का?"

ती गेमबद्दल बोलत नव्हती, एवढं मला कळलं. 'नको जाऊस' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला मनापासून म्हणायचं होतं. पण पडद्यावर पुन्हा तेच दार आलं, पाणी गुडघ्याला लागलं, आकडे उलटे धावायला लागले. माझा श्वास रोखला गेला. ती आता माझ्याकडे बघत होती. तिचा अंगठा बटणावर नव्हताच.

तीन उरले तेव्हा मी 'थांबणार' दाबलं.

तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि 'जाणार' दाबलं.

बहीण उजेडात पोचली. भाऊ पाण्याखाली दिसेनासा झाला. पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. तिने कंट्रोलरची वायर नीट गुंडाळली आणि तो टेबलावर ठेवला.

"आता बोलू या?" मी म्हणालो. आवाज निघाला एकदाचा.

"झालं की बोलून," ती उठत म्हणाली. "उद्या कळवते त्यांना, येते म्हणून."